हात वर करण्याआधी : उदारमतवादाची तोंडओळख

या लेखाचा विषय मी मेसमध्ये सांगितला तेव्हा समोर बसलेला रूममेट म्हणाला, "उधारमतवाद? त्याच्यावर कायले लेख लिहितं बे, कॅन्टीनवाल्याच्या वहीत सगळं लिहिलेलं हाये की!" सगळे हसले, मीही हसलो. पण खरं सांगायचं तर दोन वर्षांपूर्वी मलासुद्धा या शब्दाचा अर्थ एवढाच माहीत होता : उदार म्हणजे दानशूर, मोठ्या मनाचा. उदारमतवाद म्हणजे सगळ्यांशी गोड वागणं, कोणी काही बोललं तर 'जाऊ दे ना' म्हणणं.

उदारमतवाद ही एक राजकीय विचारसरणी आहे. तिला नेमकी तत्त्वं आहेत, तिचा इतिहास आहे आणि त्या इतिहासाची काही पानं आपल्या अकोल्या-अमरावतीत लिहिली गेली आहेत. हे मला कळायला आपल्याच होस्टेलमधली एक गोष्ट कारणीभूत झाली. ती सांगताना मला फार अभिमान वाटत नाही. तरी सांगतो, कारण ती सोडून हा लेख लिहिला तर तो नुसता परीक्षेच्या उत्तरासारखा होईल.

१. तो ठराव

मागच्याच्या मागच्या वर्षी गणपतीत आमच्या विंगने विसर्जनाला डीजे लावायचं ठरवलं. वर्गणी प्रत्येकी पाचशे रुपये. सगळ्यांनी दिली, एकाने दिली नाही. तो दर्यापूरकडचा, घरी कोरडवाहू शेती. त्याचं नाव इथे लिहीत नाही, पण हा लेख छापायला देण्याआधी त्याला वाचून दाखवला आहे. तो म्हणाला होता, "मूर्तीचे, प्रसादाचे पैसे घ्या ना, मी देतो. डीजेचे नाही देत. मले पटत नाही, त मी काऊन देऊ?"

त्या रात्री कॉरिडॉरमध्ये मीटिंग झाली. अडतीस जण हजर होते. कोणीतरी म्हणालं, लोकशाही आहे, मतदान घ्या. ठराव असा होता की जोवर तो पैसे देत नाही तोवर त्याच्याशी विंगमधलं कोणी बोलायचं नाही, त्याला नोट्स द्यायच्या नाहीत आणि विंगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढून टाकायचं. छत्तीस हात वर गेले. एक जण तटस्थ राहिला आणि एक तो स्वतः. त्या छत्तीस हातांमध्ये माझा हात होता.

पुढचे तीन आठवडे तो मेसमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर एकटा जेवायचा. आम्हाला वाटायचं, गंमत आहे, दोन दिवसांत नरम पडेल. तो पडला नाही. मग एका गुरुवारी रात्री ग्रुपवर मेसेज आला की सोमवारची मशीन डिझाइनची ओरल आता शनिवारी आहे. शुक्रवारी सकाळी तो बॅग घेऊन गावी निघाला तेव्हा मी जिन्यात उभा होतो. मला माहीत होतं की त्याला माहीत नाही. मी बाजूला सरकून त्याला वाट दिली आणि गप्प राहिलो. ठराव होता ना!

त्याची ओरल बुडाली. नंतर फेरओरल झाली, पण उशिराची म्हणून निम्म्याच गुणांची. कोणी मारहाण केली नाही, शिवी दिली नाही. सगळं रीतसर मतदानाने झालं. आणि तरी काहीतरी भयंकर चुकलं होतं. काय चुकलं, ते मात्र मला शब्दांत सांगता येत नव्हतं.

२. अकोल्याचा एक विद्यार्थी

दिवाळीला एस.टी.ने अकोल्याला घरी गेलो. माझे आबाजी निवृत्त शिक्षक. त्यांना हा किस्सा मी सांगितला, थोडा आपली बाजू सांभाळूनच. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मतदान बरोबर झालं असंन. पण त्यानं कोणाशी बोलावं, त्याच्याशी कोणी बोलावं, हे मतावर टाकायचा अधिकार तुमाले कोणं देला?" मी म्हटलं, "आबाजी, पण बहुमत होतं." ते म्हणाले, "आगरकरांच्या इरुद्ध त अख्खं पुणं होतं. वाच थोडं."

गोपाळ गणेश आगरकर म्हणजे पुण्याचे, 'केसरी'चे, 'सुधारक'चे, एवढंच मला शाळेतून आठवत होतं. त्यांचा जन्म १८५६ चा, कऱ्हाडजवळच्या टेंभूचा. घरची अत्यंत गरिबी. शिकण्यासाठी हा मुलगा कऱ्हाड, रत्नागिरी असा भटकत शेवटी नातेवाइकांच्या आधाराने अकोल्याला आला आणि १८७५ साली अकोल्यातून मॅट्रिक झाला. विष्णू मोरेश्वर महाजनी तेव्हा तिथे शिक्षक होते. तेच महाजनी पुढे १९०७ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. अकोल्यातच आगरकर 'वऱ्हाड समाचार' या पत्रात लिहू लागले. पुढे डेक्कन कॉलेजात असताना अंगातला एकच सदरा रात्री धुवून सकाळी घालायचा, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. आपल्या होस्टेलवर ज्यांची परिस्थिती बेताची आहे त्यांनी ती जरूर लक्षात ठेवावी.

पुण्यात टिळक, चिपळूणकर, आगरकर यांनी शाळा काढली आणि १८८१ साली 'केसरी' सुरू झाला. आगरकर त्याचे पहिले संपादक. कोल्हापूरच्या दिवाणांवरच्या मजकुराबद्दल बदनामीचा खटला होऊन १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर दोघेही डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले. पुढे समाजसुधारणेच्या प्रश्नावर दोघा मित्रांचं पटेना. आगरकरांनी १८८७ मध्ये 'केसरी' सोडला आणि ऑक्टोबर १८८८ मध्ये स्वतःचं 'सुधारक' काढलं. त्यात त्यांनी बालविवाह, विधवांचं केशवपन, मुलींचं शिक्षण, सोवळंओवळं अशा प्रत्येक गोष्टीवर एकच प्रश्न विचारला : हे का करायचं? 'पूर्वापार चालत आलं म्हणून' हे उत्तर त्यांना चालत नव्हतं. 'सगळे करतात म्हणून' हेही नाही. लोक इतके चिडले की ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. १८९५ साली, चाळिशीही गाठायच्या आत, दम्याने ते गेले. तेव्हा ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते.

जिवंत माणसाची प्रेतयात्रा! आमच्या विंगचा ठराव म्हणजे तिचीच छोटी आवृत्ती होती, एवढं माझ्या डोक्यात त्या दिवाळीत शिरलं.

३. मुख्य तत्त्वं

आगरकरांवर जॉन स्टुअर्ट मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांचा मोठा प्रभाव होता. त्या धाग्याने मागे गेलं की उदारमतवादाची सगळी घराणी दिसू लागतात. जॉन लॉकने १६८९ मध्ये म्हटलं की जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता हे माणसाचे हक्क राजाने दिलेले नाहीत, म्हणून राजा ते काढूनही घेऊ शकत नाही. माँटेस्क्यूने १७४८ मध्ये सत्तेची विभागणी मांडली. अॅडम स्मिथने १७७६ मध्ये व्यापार मोकळा सोडण्याचा विचार मांडला. मिलचा स्वातंत्र्यावरचा निबंध १८५९ चा. या सगळ्यांतून जी तत्त्वं तयार झाली ती मी माझ्या समजुतीप्रमाणे सहा भागांत मांडतो. प्राध्यापक मंडळींनी चुकलं तर सांगावं.

पहिलं तत्त्व : व्यक्ती. समाज, जात, धर्म, राष्ट्र, विंग, हे सगळे माणसांचे मिळून झालेले असतात. दुःख होतं ते माणसाला. 'विंगला वाईट वाटलं' असं आपण म्हणतो, पण विंग जेवत नाही, विंगची ओरल बुडत नाही. म्हणून हिशेब माणसापासून सुरू करायचा. याचा अर्थ माणसाने एकट्याने राहावं असा मुळीच नाही. गटात राहा, पण गटासाठी एखाद्याला वापरून फेकून देऊ नका, एवढाच अर्थ.

दुसरं तत्त्व : स्वातंत्र्य आणि त्याची हद्द. मिलचं म्हणणं थोडक्यात असं : एखाद्यावर जबरदस्ती करायची असेल तर एकच कारण पुरेसं आहे, ते म्हणजे तो दुसऱ्याला इजा करतो आहे. त्याच्या भल्यासाठी, आपल्याला आवडत नाही म्हणून किंवा आपल्या भावना दुखावतात म्हणून जबरदस्ती नाही. समजवा, विनवा, वाद घाला, सक्ती नको. इथे एक बारकावा आहे. स्वातंत्र्याचं कारण स्वतंत्र राहणाऱ्याने द्यायचं नसतं, बंधन घालणाऱ्याने द्यायचं असतं. आम्ही त्याला विचारत होतो, "पैसे काऊन नाही देत?" खरं तर त्याने आम्हाला विचारायला हवं होतं, "सक्ती काऊन करता?" आणि रात्री दोन वाजता स्पीकर लावणाऱ्याला मात्र हे तत्त्व वाचवत नाही, कारण तिथे शेजारच्या खोलीतल्या माणसाच्या झोपेला इजा होते.

तिसरं तत्त्व : समता. कायद्यापुढे सगळे सारखे, आणि जन्मावरून कोणी उच्च-नीच नाही. युरोपातल्या उदारमतवाद्यांनी हे मोठ्या तोंडाने सांगितलं, पण गुलाम, बायका, वसाहतीतली माणसं यांना बराच काळ हिशेबाबाहेर ठेवलं. आपल्याकडे या तत्त्वाची खरी कसोटी जातीवर लागली. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापून ती लावली. महाडचं चवदार तळं झालं मार्च १९२७ मध्ये. त्याच वर्षी आपल्या अमरावतीत अंबादेवीचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून चळवळ उभी राहिली, नोव्हेंबरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली इथे परिषद भरली आणि डॉ. पंजाबराव देशमुखांनी मंदिरप्रवेशाच्या बाजूने जोर लावला. आपण नवरात्रात ज्या देवळासमोर रांगेत उभे राहतो त्याच्या दारात हा प्रश्न विचारला गेला होता : माणसाला आत जाऊ द्यायचं की नाही, हे ठरवणारे तुम्ही कोण?

चौथं तत्त्व : कायद्याचं राज्य आणि मर्यादित सत्ता. राज्य करणारा चांगला असेल यावर विसंबायचं नाही. तो वाईट निघाला तरी फार नुकसान करू शकणार नाही अशी रचना करायची. आपल्या भाषेत सांगायचं तर एमसीबी बसवायचा. एमसीबी करंटला विरोध करत नाही, पण प्रमाणाबाहेर गेला की ट्रिप होतो. संविधान, स्वतंत्र न्यायालय, ठरावीक मुदतीने निवडणूक, सत्तेची विभागणी, हे सगळे एमसीबी आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ते बहुमतावरही लागू आहेत. आपल्या संविधानाचा अनुच्छेद १३ म्हणतो की मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा तेवढ्यापुरता रद्द. तो किती मतांनी झाला याला महत्त्व नाही. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संसदेला घटनादुरुस्ती करता येईल, पण घटनेचा मूळ ढाचा मोडता येणार नाही.

मला वाटतं, सगळ्या उदारमतवादाचं सार इथे आहे. लोकशाही सांगते की निर्णय बहुमताने घ्या. उदारमतवाद त्याच्या आधी एक प्रश्न ठेवतो : कोणत्या गोष्टी बहुमतानेसुद्धा ठरवायच्या नाहीत? मेसमध्ये बुधवारी कोणती भाजी करायची यावर मतदान घ्या. कोणी कोणाशी बोलायचं, काय मानायचं, कशासाठी पैसे द्यायचे, यावर नाही. आमच्या मीटिंगमध्ये मतं बरोबर मोजली होती. पण तो विषय मतदानाचा नव्हताच.

पाचवं तत्त्व : विचार आणि उच्चाराचं स्वातंत्र्य, आणि त्याची जोडीदार सहिष्णुता. आपण चुकत असू शकतो हे मान्य केलं की दुसऱ्याला बोलू देणं भाग पडतं. समजा तो एकटा बरोबर असला तर? आणि चूक असला तरी त्याच्याशी वाद घालूनच आपलं मत का बरोबर आहे हे आपल्याला कळतं. सहिष्णुता म्हणजे पटणं नव्हे. जे पटत नाही ते सहन करणं म्हणजे सहिष्णुता. पटलेलं कोण सहन करतो? उच्चारालाही हद्द आहे. डोंगरीच्या प्रकरणात 'केसरी'ने ज्या पत्रांवर भिस्त ठेवली ती कोर्टात टिकली नाहीत, ती बनावट ठरली. हेतू कितीही चांगला असला तरी दुसऱ्याच्या अब्रूची जबाबदारी लेखणीवर असते. फॉरवर्ड करणाऱ्या बोटांवरही असते.

सहावं तत्त्व : मालमत्ता आणि बाजार. कष्टाने मिळवलेलं आपलं, आणि ते कोणाला, कुठे विकायचं हे आपण ठरवायचं. हे पुस्तकी वाटेल, पण वऱ्हाडातल्या कोणत्याही कापूस उत्पादकाला विचारा. १९७१ च्या कायद्याने महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. शेतकऱ्याने कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा, राज्याच्या हद्दीबाहेर न्यायचा नाही. हेतू चांगला होता : व्यापाऱ्याच्या लुटीतून सुटका आणि हमीचा भाव. ज्या वर्षी बाहेर भाव पडले त्या वर्षी आधारही मिळाला. पण ज्या वर्षी शेजारच्या राज्यात भाव जास्त, त्या वर्षी स्वतःचा कापूस पलीकडे नेणारा शेतकरी गुन्हेगार ठरायचा. माझे आबाजी सांगतात, खरेदी केंद्रावर बैलगाड्यांच्या रांगेत रात्र काढावी लागायची आणि चुकारे मिळायला वाट पाहावी लागायची. ही मक्तेदारी सुटली ती नव्या शतकाच्या सुरुवातीला. शरद जोशींनी शेतकरी संघटनेतून बाजारपेठेचं आणि तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य मागितलं, तो अर्थकारणातला उदारमतवादच होता.

४. घरातलं भांडण

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. उदारमतवाद्यांमध्येच एक मोठं भांडण आहे आणि ते समजल्याशिवाय ही विचारसरणी समजली असं म्हणता येणार नाही.

जुने उदारमतवादी म्हणतात, सरकारने मध्ये पडू नये, बाकी माणूस बघून घेईल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टी. एच. ग्रीनसारख्यांनी विचारलं, ज्याला वाचता येत नाही, ज्याच्या पोटात अन्न नाही, त्याला 'तू स्वतंत्र आहेस' म्हणण्यात काय अर्थ? आयझाया बर्लिनने १९५८ मध्ये याच फरकाला 'नकारात्मक' आणि 'सकारात्मक' स्वातंत्र्य अशी नावं देऊन त्याची चर्चा केली. एक म्हणजे कोणी अडवत नाही ते, दुसरं म्हणजे स्वतःच्या आयुष्याची दोरी स्वतःच्या हातात असणं. बर्लिनने धोकाही दाखवला : 'तुझ्या खऱ्या भल्यासाठी' म्हणत दुसऱ्याच माणसाने ती दोरी ओढायला सुरुवात केली तर? जॉन रॉल्सने १९७१ च्या ग्रंथात सुचवलं की समाजात आपण कोण म्हणून जन्मू हे माहीत नसताना आपण कोणते नियम निवडू, ते न्याय्य समजावेत. दर्यापूरच्या कोरडवाहू शेतात की डॉक्टरच्या बंगल्यात, हे माहीत नसताना होस्टेलची वर्गणी ठरवून पाहा. आकडा आपोआप खाली येतो!

एकाधिकार खरेदी गेली, बाजार मोकळा झाला, म्हणून वऱ्हाडातला शेतकरी सुखी झाला का? नाही. त्याच काळात आपल्या जिल्ह्यांतून शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या थांबेनात. विकायचं स्वातंत्र्य हवंच, पण डोक्यावर सावकार आणि शेताला पाणी नाही, तर त्या स्वातंत्र्याचं करायचं काय? पंजाबरावांना हे फार आधी कळलं होतं. १९३२ मध्ये त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि खेड्यातल्या पोरांना शाळेचं दार उघडलं. पुढे ते संविधान सभेचे सदस्य झाले आणि देशाचे कृषिमंत्रीही. आणि बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत बजावलं की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, हा विरोध फार काळ ठेवला तर लोकशाहीची इमारतच धोक्यात येईल.

भांडणाचा दुसरा मुद्दा : सरकारने समाजाच्या चालीरीतींत हात घालावा का? १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला. मुलीशी शरीरसंबंधाची किमान वयोमर्यादा दहावरून बारा वर्षं झाली. टिळकांचा आक्षेप होता की परक्या सरकारला आमच्या धर्मात, घरात हात घालू देऊ नये, सुधारणा आतून व्हावी. या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. सरकारची सत्ता मर्यादित असावी हे तर उदारमतवादाचंच तत्त्व. आगरकरांची बाजू अशी की जिथे एक जीव स्वतःसाठी बोलूच शकत नाही आणि त्याला इजा होते आहे, तिथे कायद्याने मध्ये पडलंच पाहिजे. पोरीला संमती विचारली कोणी? मला आगरकरांचं पटतं. कारण 'आमच्या समाजाचं स्वातंत्र्य' म्हणताना त्या समाजातल्या सर्वांत दुबळ्या माणसाचं काय, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही.

या गोष्टीचं पुढचं पान अमरावतीचं आहे. १८९७ ची काँग्रेस आपल्या अमरावतीत भरली, अध्यक्ष होते सी. शंकरन नायर. त्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली होती. त्या काळी अमरावतीत वकिली करणारे एक गृहस्थ म्हणजे मोरोपंत विश्वनाथ जोशी. नेमस्तांनी पुढे लिबरल फेडरेशन ही वेगळी संघटना काढली, तिचे १९२५ चे अध्यक्ष हेच सर मोरोपंत जोशी. आणि १९२८-२९ मध्ये सरकारने संमतिवयाची चौकशी करायला समिती नेमली तिचेही अध्यक्ष तेच. १९२९ मध्ये बालविवाह रोखणारा शारदा कायदा झाला : मुलीचं किमान वय चौदा, मुलाचं अठरा. अकोल्यात मॅट्रिक झालेल्या मुलाने जो प्रश्न लावून धरला, त्यावर जवळजवळ चाळीस वर्षांनी अमरावतीच्या एका वकिलाने देशभर साक्षी नोंदवल्या. दोन गावांमधलं अंतर शंभर किलोमीटरसुद्धा नाही. आपण दर शनिवारी ते एस.टी.ने कापतो आणि आपल्याला याचा पत्ता नसतो.

५. पुन्हा विंगमध्ये

बहिष्काराबद्दल एक माहिती द्यायची राहिली. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे. जात-पंचायतींनी माणसांना वाळीत टाकू नये म्हणून तो झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आमची विंग काही जात-पंचायत नाही, त्यामुळे तो आम्हाला लागला असता असं मी म्हणत नाही. पण ज्या गोष्टीला राज्याने गुन्हा म्हणायची वेळ आली, ती आम्ही चहा पिता पिता, हसत हसत केली होती. आणि करताना आम्हाला वाटत होतं की आपण लोकशाही पाळतोय.

दिवाळीनंतर परत आलो तेव्हा मी त्याच्या खोलीचं दार वाजवलं. शनिवारच्या ओरलचं मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही, हे त्याला सांगितलं. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "मले माहीत होतं तुले माहीत असंन. जिन्यात तू माह्याकडे पाह्यलं नाही ना, तवाच समजलं." आणि पुस्तकात डोकं घातलं. त्याने माफ केलं असं त्याने म्हटलेलं नाही, आणि मीही तसं समजून चालत नाही.

नंतरच्या गणपतीत रेक्टर सरांच्या परवानगीने विंगच्या वहीत एक ओळ लिहिली : वर्गणी ऐच्छिक आहे, आणि कोणी किती दिली याची यादी लावली जाणार नाही. पैसे कमी जमले. डीजे झाला नाही, दिंडी झाली, गावाकडून दोन मृदंग आले. काही मित्र अजूनही म्हणतात की त्यात मजा नव्हती. म्हणोत. त्यांना तसं म्हणायचा अधिकार आहे, नाहीतर एवढा लेख लिहून मी काय शिकलो?

मित्रांनो, आपण इंजिनिअर होणार. कुठे कंपनीत, कुठे सोसायटीत, कुठे ग्रामपंचायतीत बसणार. मीटिंगा होतील, ठराव येतील, कोणीतरी म्हणेल, "चला, मतदान घेऊन टाकू." तेव्हा हात वर करण्याआधी एवढं विचारा : हा विषय आपण ठरवायचा आहे का? यात कोणाला इजा होते? आणि ज्याच्याबद्दल ठरवतोय, तो उद्या मी असलो तर?

मी त्या रात्री यातलं काहीच विचारलं नव्हतं. ओरलमध्ये त्याचे निम्मे गुण गेले. माझे पूर्ण आले. गुणपत्रिकेत दोन्ही आकडे तसेच छापलेले आहेत.